रक्तातला विळा

नागझिऱ्याच्या जंगलालगत ज्या शाळा आहेत, तेथील गुरुजींना आणि बाईंना मी आरंभीच एक प्रश्न विचारतो. तुमच्या वर्गात असे एखादे मूल आहे काय, की जे रोवणीच्या झडीत किंवा पौषाच्या थंडीत एकाएकी चार-चार दिवस दिसेनासे होते? आले तर हातपाय दुखतात म्हणते. डोळ्यांत पिवळी झाक असते. खेळाच्या तासाला दोन फेऱ्या मारून खाली बसते, आणि घडीघडी पाणी प्यायला नाही तर लघवीला जायची परवानगी मागते. घरचे म्हणतात, अंगात वारे भरले. आजी म्हणते, नजर लागली. आणि प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो, 'अनियमित'.

अशा मुलाचे रक्त एकदा तपासून घ्या, एवढेच सांगायचे असते तर दोन मिनिटे पुरली असती. पण नुसते 'तपासा' म्हटल्याने कुणी तपासत नाही. तपासले तरी 'पाणी भरपूर प्या, थंडी लागू देऊ नका' हे डॉक्टरांचे सांगणे लोकांना किरकोळ वाटते. एवढ्या मोठ्या दुखण्याला पाणी हे काय औषध झाले? म्हणून त्या पाण्याचा आणि त्या दुखण्याचा संबंध नेमका कुठे जुळतो, ते आज तुमच्यापुढे मांडावे म्हणतो. तो जुळतो अणूंच्या पातळीवर. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु या आजाराचे मूळ शोधत गेले तर ते शेवटी एका अक्षराच्या फरकावर येऊन थांबते. आणि अक्षराचा फरक म्हटला की त्यात भाषेच्या मास्तराने तोंड घालायला हरकत नसावी.

आजाराचे नाव सिकलसेल. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा आणि सेल म्हणजे पेशी. आपल्या रक्तातली तांबडी पेशी एरवी दोन्ही अंगांनी मध्ये दाबलेल्या पेढ्यासारखी असते. गोल, मऊ, वाटेल त्या चिंचोळ्या वाटेतून अंग चोरून निघून जाणारी. या आजारात ती ताठ होते आणि धान कापायच्या विळ्यासारखी वाकते. शिकागो शहरातले डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या देशात १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींत हा दोष सापडला. मग १९५८ मध्ये शुक्ल आणि सोळंकी या दोघा डॉक्टरांनी मध्य भारतातल्या, म्हणजे आपल्याच बाजूच्या, लोकांतही तो असल्याचे 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रात कळवले. आज गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या साऱ्या पट्ट्यात त्याचे रुग्ण आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट ठरले.

आता पेशीच्या आत जाऊ. तांबड्या पेशीत मुख्यतः भरलेले असते हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. त्याचे काम हमालाचे: फुप्फुसात प्राणवायू उचलायचा, बोटाच्या टोकापर्यंत नेऊन उतरवायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचे. हा हमाल केवढा? एका मिलीमीटरचे एक कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाला आंगस्ट्रॉम म्हणतात. हिमोग्लोबिनचा रेणू साठेक आंगस्ट्रॉम रुंद भरतो. धानाचा दाणा साधारण ८ मिलीमीटर लांब धरला, तर त्या दाण्याच्या लांबीवर हे रेणू एकाला एक लावून तेरा लाखांहून अधिक बसतील.

हा रेणू चार साखळ्यांचा बनलेला आहे, आणि प्रत्येक साखळीच्या पोटात एक खोबण आहे. त्या खोबणीत हीम नावाचे एक चपटे कडे बसलेले असते आणि कड्याच्या मधोमध लोहाचा एकच अणू. होय, ज्या लोखंडाचा आपण विळा करतो तेच लोह. मात्र येथे ते एकेका अणूने आणि विद्युत्भार घेऊन, म्हणजे आयन होऊन, वावरते. या लोहाला सहा हात आहेत असे समजा. चार हातांनी त्याने कडे धरले आहे. पाचव्या हाताने साखळीतले हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल धरले आहे. सहावा हात मोकळा. प्राणवायू येऊन बसतो तो या सहाव्या हातावर.

पण येथे एक अडचण आहे. पावसात बांधावर विसरलेला विळा सकाळी पाहा. हवा आणि पाणी मिळाले की लोखंड गंजते आणि धरलेला प्राणवायू मग सोडत नाही. रक्तात तर पाणीच पाणी. मग हिमोग्लोबिनातले लोह गंजत कसे नाही? याचे उत्तर त्या खोबणीत आहे. खोबणीच्या भिंती तेलकट स्वभावाच्या अमिनो आम्लांनी लिंपलेल्या असतात, त्यामुळे पाणी आत ठरत नाही. प्राणवायूचा इवलासा रेणू आत शिरतो, लोहाचा हात धरतो, वरच्या बाजूने दुसरे एक हिस्टिडीन त्याला हलकेच आधार देते. घट्ट मिठी नाही आणि सैलपणाही नाही. फुप्फुसात धरावे आणि पोटरीच्या स्नायूत सोडावे, इतकीच ही पकड.

जर्मनीचे रसायनज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ साली अशा जुळणीला कुलूप-किल्लीची उपमा दिली होती. उपमा चांगली आहे, अजूनही शाळेत शिकवतात. पण मला ती थोडी अपुरी वाटते. कारण किल्ली फिरवल्याने कुलपाचा आकार बदलत नाही, हिमोग्लोबिनचा बदलतो. फेलिक्स हाउरोविट्झ या शास्त्रज्ञाने १९३८ साली हे डोळ्यांनी पाहिले. प्राणवायू काढून घेतलेल्या हिमोग्लोबिनचे जांभळट, षट्कोनी स्फटिक तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. कडेने हवा आत शिरली, आणि ते स्फटिक मोडून त्यांच्या जागी लाल रंगाचे, निराळ्या घडणीचे स्फटिक उगवले. प्राणवायू बसताच रेणूने आपला बांधाच बदलला होता. तो बांधा अणूनिशी मांडून दाखवायला मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये १९३७ पासून खटपट केली. पहिले चित्र हाती आले १९५९ साली. बावीस वर्षे एका रेणूपाठी! १९६२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासह मिळाले.

मग घडते काय? प्राणवायू नसताना लोह कड्याच्या पातळीपासून आंगस्ट्रॉमच्या चार-दशांशाएवढे बाहेर आलेले असते. प्राणवायू बसला की ते आत ओढले जाते. त्याचा पाचवा हात हिस्टिडीनला ओढतो, हिस्टिडीन साखळीला ओढते, आणि साखळी शेजारच्या साखळीवर सरकते. तुम्ही रस्त्यापर्यंत आजारी माणसाला खाटेवर घालून नेले असेल. चौघांपैकी एकाने खांदा बदलला की उरलेल्या तिघांनाही आपले पाऊल सावरावे लागते. तसेच येथे. एका साखळीने प्राणवायू धरला की उरलेल्या तिघींना तो धरणे सोपे जाते, आणि एकीने सोडला की बाकीच्यांचेही हात सुटू लागतात.

सोडण्याच्या कामाला मदतनीस आहेत. कष्टाने थकलेल्या स्नायूत आम्ल साचते. आम्लातले हायड्रोजन आयन हिमोग्लोबिनला ठराविक ठिकाणी चिकटतात आणि त्याला प्राणवायू सोडायच्या बांध्यात ढकलतात. दुसरा मदतनीस बीपीजी नावाचा छोटा रेणू. त्याच्या अंगावर ऋण विद्युत्भार भरपूर, आणि चार साखळ्यांच्या मध्ये जी पोकळी राहते तिच्या कडांवर धन भार. म्हणून तो लाकडातल्या पाचरीसारखा नेमका त्या पोकळीत बसतो, तोही प्राणवायू नसेल तेव्हाच. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन जरा निराळे असते. त्याच्यात ही पाचर घट्ट बसत नाही, म्हणून बाळाला आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेता येतो. हे बाळाचे हिमोग्लोबिन लक्षात ठेवा; पुढे ते पुन्हा लागणार आहे.

विषयाला थोडी बगल देऊन एक गोष्ट सांगतो, कारण गोंदियाची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. दारे-खिडक्या लावून निखाऱ्याची शेगडी उशाशी ठेवून कुणी निजू नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो लोहाच्या त्याच सहाव्या हातावर जाऊन बसतो आणि त्याची पकड प्राणवायूच्या दोनशेपटीहून घट्ट असते. हमालाचे हात भरलेलेच राहतात, आणि झोपलेला माणूस उठत नाही. थंडी कितीही असो, खिडकीची एक फळी उघडी ठेवावी.

आता त्या अक्षराकडे वळू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही आम्ले वीस प्रकारची, म्हणजे वीस अक्षरांची वर्णमालाच म्हणा. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांपैकी दोन अल्फा, त्या प्रत्येकी १४१ अक्षरांच्या; दोन बीटा, त्या प्रत्येकी १४६ अक्षरांच्या. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतले सहावे अक्षर बदललेले असते. तेथे ग्लुटामिक आम्ल हवे, आणि असते व्हॅलीन. बाकी सारा मजकूर जसाच्या तसा. विद्यार्थ्याच्या निबंधात 'दिन'च्या जागी 'दीन' पडले तर मी अर्धा गुण कापतो. येथे त्या एका अक्षरापायी आयुष्य कापले जाते.

ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो. त्याला पाणी आवडते. व्हॅलीनवर भार नाही, आणि त्याचा स्वभाव तेलाचा. भाजीच्या रश्श्यावर तेलाचे थेंब कसे वागतात पाहा. एकमेकांजवळ आले की एक होतात, पाण्यात मिसळत नाहीत. हे सहावे अक्षर रेणूच्या बाहेरच्या अंगावर असते, म्हणजे पाण्यात उघड्यावर. तेथे तेलाचा ठिपका पडला की तो दुसरी तेलकट जागा शोधू लागतो. शेजारच्या हिमोग्लोबिनवर अशी एक खोबण असते. फिनाइल-अ‍ॅलानीन आणि ल्युसीन या दोन तेलकट अक्षरांमध्ये ती तयार होते. व्हॅलीन तिच्यात चपखल बसते.

आणि आता या साऱ्या गोष्टीचा जो गाभा, तो ऐका. ही खोबण नेहमी मोकळी नसते. प्राणवायू धरलेला असताना रेणूचा बांधा असा असतो की व्हॅलीनला तेथे नीट बसता येत नाही. प्राणवायू सुटला, बांधा बदलला, की खोबण मोकळी होते. फुप्फुसातून भरल्या हाताने निघालेली पेशी म्हणूनच मऊ असते. ती टोकाशी जाऊन ओझे उतरवते, आणि तेथेच एक रेणू दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात अडकू लागतो. अंबाडीच्या धाग्यांना पीळ देऊन दोर वळावा तसा चौदा पदरांचा दोर पेशीच्या पोटात वळला जातो. असे अनेक दोर ताठ उभे राहिले की पेशीचा आकार विळ्याचा होतो. हा विळा बारीक केशवाहिनीत आडवा पडतो, त्याच्यामागे दुसरा, तिसरा, आणि वाट बंद होते. पुढच्या हाडाला, स्नायूला प्राणवायू मिळत नाही. तुमच्या वर्गातले मूल 'हाड दुखते' म्हणते ते हे. नाटक नव्हे. शिवाय अशी पेशी फार दिवस टिकत नाही. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशीतल्या द्रव्याचे पिवळे पित्त होते आणि तेच डोळ्यांत दिसते.

येथे पाण्याचा प्रश्न सुटतो. दोर वळायला वेळ लागतो. पहिले काही रेणू एकत्र येईपर्यंत काहीच घडत नाही. नंतर मात्र झपाट्याने घडते. दुसरीकडे, पेशी केशवाहिनीतून साधारण एका सेकंदात पार होते आणि काही सेकंदांत फुप्फुसात परतते. तेवढ्यात दोर वळला नाही तर ती वाचली. तेव्हा ही शर्यत आहे, वेळेशी. आणि हा दोर वळायचा वेळ पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या घनतेवर विलक्षण अवलंबून असतो. प्रयोगांत असे दिसले आहे की घनता वाढली की वेळ साधारण तिच्या तिसाव्या घाताने घटतो. गणिताच्या गुरुजींनी मुलांकडून हे करवून घ्यावे: घनता शेकडा ५ ने वाढली, म्हणजे १.०५ चा तिसावा घात. उत्तर चाराच्या वर येते. म्हणजे अंगातले पाणी थोडे आटून पेशी एवढीशी दाट झाली की दोर चौपट लवकर वळतो. शर्यत तेथेच हरते. पाणी प्या म्हणतात ते याकरिता. थंडीने वाहिन्या आकसतात आणि पेशी वाटेत रेंगाळते. तापात पाणी आटते. दमछाक झाली की आम्ल वाढते आणि प्राणवायू लवकर सुटतो. डॉक्टरांच्या प्रत्येक किरकोळ सूचनेमागे ही शर्यत आहे. आणि या मुलांच्या मूत्रपिंडांवरही परिणाम झालेला असल्यामुळे त्यांना लघवी दाट करून पाणी राखता येत नाही. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा बाहेर जायला मागतात. गुरुजी, त्यांना जाऊ द्या. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्या.

हा दोष प्रथिनात आहे हे पहिल्याने दाखवले लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९४९ साली. त्यांनी विजेच्या क्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिने चालवून पाहिली. ऋण भार कमी झालेले सिकलचे हिमोग्लोबिन धन टोकाकडे सावकाश सरकते, निरोगी त्याच्या पुढे जाते. एखादा आजार रेणूचा आजार म्हणून ओळखला जाण्याची ती पहिली वेळ. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये त्या प्रथिनाचे बारीक तुकडे करून ते कागदावर पसरवले. साऱ्या ठिपक्यांत एकच ठिपका जागेवरून हललेला होता. त्यातून ते सहावे अक्षर सापडले. आज तुमच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात रक्ताच्या कागदावर जो 'इलेक्ट्रोफोरेसिस' हा शब्द दिसतो, तो म्हणजे पॉलिंग यांचीच ती विजेची शर्यत.

हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकत्र निजल्याने होत नाही. तो जन्मतः, आईबापांकडून येतो, आणि दोघांकडूनही यावा लागतो. बीटा साखळीचा मजकूर आपल्याजवळ दोन प्रतींत असतो, एक आईची आणि एक वडिलांची. एका प्रतीत चूक असेल तर तो माणूस वाहक. वाहकाच्या पेशीत निम्म्याच्या आसपास चांगले हिमोग्लोबिन असते, ते दोर वळू देत नाही. असा माणूस शेती करतो, तेंदूपाने तोडतो, ऐंशी वर्षे जगतो. दोन्ही प्रतींत चूक असेल तर तो पीडित. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात, नीट ऐका, प्रत्येक वेळी नव्याने, मूल पीडित होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि अगदी निर्दोष असण्याची चारात एक. 'पहिले आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील' हा हिशेब खोटा आहे. सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे रक्त तपासावे ते याकरिता. एक वाहक आणि एक निर्दोष असे लग्न खुशाल करावे. त्यांचे मूल या आजाराने पीडित होणार नाही. मुलगी वाहक निघाली म्हणून तिचे लग्न मोडणाऱ्यांना मी विचारतो, तुमच्या मुलाचे रक्त तपासले काय?

आणि हा एका जातीचा, एका जमातीचा आजार म्हणून बोट दाखवणेही बरोबर नाही. आदिवासींत तो अधिक दिसतो, पण अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही तो पुष्कळ आहे. तो येथे टिकून का राहिला याचे कारण जंगलातल्या डासात आहे. वाहकाच्या रक्तात मारक मलेरियाचा जंतू नीट वाढत नाही; अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत १९५४ साली हे दाखवून दिले. पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने पोरे दगावत, आणि त्यांत वाहक पोरे अधिक वाचत. ज्या अक्षराने आज घात होतो, त्यानेच काल कुणा पणज्याला तारले होते.

उपचारांचे थोडक्यात सांगतो. मूळ दोष काढून टाकणारे उपचार आहेत. अस्थिमज्जेचे रोपण आहे, आणि २०२३ च्या अखेरीस जनुकात दुरुस्ती करण्याच्या एका उपचाराला इंग्लंड-अमेरिकेत मान्यता मिळाली. पण त्याचा खर्च आपल्या शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही. सध्या आपल्या कामाचे औषध आहे हायड्रॉक्सियुरिया. मघाशी लक्षात ठेवा म्हटलेले बाळाचे हिमोग्लोबिन आठवा. त्याच्या साखळीची घडण निराळी असल्याने ते सिकलच्या दोरात बसत नाही, उलट दोर तोडते. म्हणूनच पीडित बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने गुटगुटीत दिसते. ते हिमोग्लोबिन ओसरले की त्रास सुरू होतो, हातापायांची बोटे सुजतात. हायड्रॉक्सियुरिया मोठेपणीही ते बाळाचे हिमोग्लोबिन वाढवते. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासतच घ्यायचे, आणि दुखणे थांबले म्हणून सोडायचे नाही.

आणखी एक औषध निघाले होते, व्हॉक्सेलोटर नावाचे. कल्पना फार देखणी होती. हा छोटा रेणू हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या टोकाशी चिकटतो आणि प्राणवायू धरलेला बांधाच कायम राखतो. बांधा बदलला नाही तर खोबण मोकळी होणार नाही, दोर वळणार नाही. २०१९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हिमोग्लोबिनचा आकडा वाढला, पण रुग्णांची माहिती जमत गेली तसे लाभापेक्षा धोका अधिक दिसू लागला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून परत घेतले. हमालाने ओझे घट्ट धरून ठेवले तर ते उतरणार कुठे, ही शंका काही शास्त्रज्ञांनी आधीच काढली होती. रेणूच्या चित्रात जे बरोबर बसते ते माणसाच्या अंगात बसेलच, असे नाही.

लोहाच्या गोळ्यांविषयीही सांगितले पाहिजे. रक्त कमी दिसले की आपल्याकडे लगेच लोहाची गोळी देतात. पीडित मुलाच्या रक्तात लोह आपल्या जागी असते, बिघाड सहाव्या अक्षरात आहे. रक्त वारंवार चढवलेल्या रुग्णात तर लोह साचून अपाय होतो. तेव्हा लोह कमी आहे असे तपासणीत दिसल्यावाचून ती गोळी देऊ नये. फोलिक आम्लाची गोळी मात्र डॉक्टर देतील ती नियमाने द्यावी. कारण पेशी लवकर फुटतात, आणि नव्या घडवायला ते लागते.

ताप आला, दम लागला, छातीत दुखू लागले, पोटात डाव्या बाजूला पानथरी एकाएकी फुगून मूल पांढरे पडले, किंवा हातपाय लुळा पडला, तर अंगारा-धुपारा करण्यात रात्र घालवू नये. त्याच पावली रुग्णालय गाठावे. नागझिऱ्याच्या काठच्या गावांतून रात्री गाडी मिळणे कठीण, हे मला माहीत आहे. म्हणून गाडी कुणाची मागायची ते गावाने दुखणे येण्याआधीच ठरवून ठेवावे.

शेवटी तपासणी. गावात किंवा शाळेत पथक येते तेव्हा बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो एका नळीतल्या द्रवात टाकतात. त्या द्रवात प्राणवायू काढून घेणारे द्रव्य असते. आपण आतापर्यंत जे पाहिले तेच त्या नळीत घडते. प्राणवायू गेला, खोबण मोकळी झाली, सिकलचे रेणू एकमेकांत अडकले आणि द्रव गढूळ झाला. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर बहुधा दोष नाही. दिसेनाशा झाल्या तर सिकलचे हिमोग्लोबिन आहे. मात्र ही नळी वाहक कोण आणि पीडित कोण हे सांगू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा दोष तिला दिसत नाही, आणि अलीकडे रक्त चढवलेल्या माणसाबाबतही ती फसते. म्हणून नळी गढूळ निघाली की दुसरी, विजेची किंवा एचपीएलसी यंत्रावरची तपासणी करवून घ्यायची असते, आणि तिचा कागद रुग्णालयातून मागून आणायचा असतो. पुष्कळ घरांत हा दुसरा कागद आणायला कुणी जात नाही. तो हाती येईपर्यंत मुलाला पीडित म्हणू नये, लग्न मोडू नये, आणि काही नाही म्हणून निजूनही राहू नये.